सांपडलेल्या चित्रफिती

दर वर्षीं या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं आमच्याकडून एक लेख मागितला जातो, आणि दर वर्षीं आम्ही वाचनाची आवड, हस्ताक्षराचें महत्त्व अथवा एखाद्या सहलीचें वर्णन यांपैकीं कांहीं तरी देऊन मोकळे होतों. यंदाचा विषय पाहून संपादकमंडळास आश्चर्य वाटेल. यंदा आम्ही संगणकावर खेळावयाच्या एका भयकथेविषयीं लिहीत आहों. आणि तीहि अशी भयकथा कीं, जिनें आमची निराशा केली. ज्या आम्हीं आजवर वर्गांत कित्येक मोबाईल जप्त करून कपाटांत ठेविले, त्याच आम्हीं दिवाळीच्या सुट्टींतील पांच रात्री असल्या खेळांत घालवाव्या, हें वाचून कांहीं विद्यार्थी गालांतल्या गालांत हसतील. त्यांनीं खुशाल हसावें. परंतु लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंति.

त्याचें असें झालें. आमचा एक माजी विद्यार्थी सध्यां अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकाचा अभ्यास करीत आहे. सुट्टी लागतांच तो आमच्या घरीं आला तो काखेंत लॅपटॉप घेऊनच. चहा होण्याच्या आंतच त्यानें विषय काढला. "सर, आम्ही नववींत असतांना तुम्हीं एका सिनेमाची गोष्ट सांगितली होती बघा, जंगलांत हरवलेल्या तीन मुलांची. त्याच्यावर खेळ निघाला आहे. मी दोनदां खेळलों. तुम्ही खेळून बघा, आणि कसा वाटला तें खरें खरें सांगा. मला पुढें असेच खेळ करायचे आहेत." एवढें बोलून त्यानें लॅपटॉप टेबलावर ठेविला, कोणती कळ दाबली असतां पुढें जावयाचें व कोणती दाबली असतां विजेरी लावावयाची तें एका कागदावर लिहून दिलें, आणि सुट्टी संपण्यापूर्वीं येतों म्हणून तो गेला. विद्यार्थ्यानें शिक्षकास गृहपाठ द्यावा, असा प्रसंग क्वचितच येतो. आम्हीं तो गृहपाठ नेकीनें करावयाचें ठरविलें.

तो सिनेमा म्हणजे १९९९ सालचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. कथा थोडक्यांत अशी : १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील मेरीलंड राज्यांत तिघे तरुण विद्यार्थी एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करण्यासाठीं जंगलांत शिरतात आणि परत येत नाहींत. वर्षभरानें त्यांनीं केलेलें चित्रण तेवढें सांपडतें. आपण पाहतों तो सिनेमा म्हणजे तेंच चित्रण. त्यांत चेटकीण एकदांहि दिसत नाहीं. दिसतात तीं झाडें, भांडणारीं व रडणारीं तीन माणसें, तंबूबाहेरचा अंधार, झाडांना टांगलेल्या काटक्यांच्या बाहुल्या, आणि शेवटीं एक पडकें घर. त्या घरांत कॅमेरा जमिनीवर पडतो आणि सिनेमा संपतो.

हा सिनेमा आम्हीं २००० सालीं पाहिला. त्या वेळीं आम्ही तेव्हांच्या अहमदनगरांत मिशनच्या वसतिगृहांत राहून बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करीत होतों. कोणीं तरी व्हीसीडीच्या तबकड्या भाड्यानें आणिल्या आणि वसतिगृहाच्या दिवाणखान्यांतील टीव्हीपुढें आम्ही पंचवीस-तीस जण दाटीवाटीनें बसलों. सिनेमा सुरू होण्यापूर्वींच एकानें सांगितलें कीं, हें सारें खरें आहे. मुलें खरोखरच बेपत्ता आहेत. इंटरनेटवर त्यांच्या शोधाचीं पत्रकें लागलीं आहेत. आम्हां बहुतेकांस इंटरनेट ही वस्तु ऐकूनच ठाऊक. त्यामुळें तिच्यावर जें आहे तें खरेंच असणार, अशी आमची भोळी समजूत! त्या रात्रीं अंगण ओलांडून शौचालयाकडे एकटा कोणी गेला नाहीं. पहिलवान म्हणून मिरविणारा आमचा एक मित्र तर दोघांस झोपेंतून उठवून सोबत घेऊन गेला.

कांहीं महिन्यांनीं एका जुन्या इंग्रजी मासिकांत त्या तिघांचीं हसतीं छायाचित्रें आमच्या पाहण्यांत आलीं. तिघेंहि नट, तिघेंहि सुखरूप. इतर मुलें स्वतःच्या फजितीवर पोट धरून हसलीं. आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं; उलट दोन दिवस मन खिन्न होतें. त्याचें कारण आम्हीं तेव्हां कोणासहि सांगितलें नाहीं. तें पुढें यथाक्रम येईल.

पुढें आम्हीं त्या सिनेमाची माहिती मिळविली, तेव्हां रागाची जागा कौतुकानें घेतली. डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ या दोन तरुणांनीं तो केला. १९९७ च्या ऑक्टोबरांत अवघ्या आठ दिवसांत चित्रण झालें. कॅमेरे नटांच्याच हातीं दिले होते. पुढें काय व्हावयाचें याच्या चिठ्ठ्या प्रत्येकासाठीं वाटेवर निरनिराळ्या ठेवलेल्या असत, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्यानें वाचावयाची नसे. दिवसेंदिवस त्यांचें अन्नहि कमी करीत नेलें. म्हणून पडद्यावर दिसणारा थकवा व चिडचिड पुष्कळ अंशीं खरी आहे. १९९९ च्या जानेवारींत सनडान्स महोत्सवांत तो प्रथम दाखविला गेला व त्याच वर्षीं जगभर मिळून सुमारें २४ कोटी ८० लाख डॉलरांचें उत्पन्न त्यानें मिळविलें. चेटकिणीची दंतकथा मुळांत नव्हतीच. तीहि यांनींच रचिली. बर्किट्सव्हिल हें गांव मात्र खरें आहे, आणि सिनेमा गाजल्यावर हौशी मंडळींनीं त्या बिचाऱ्या गांवाच्या नांवाच्या पाट्या पळवून नेल्या.

ही युक्ति तशी नवी नाहीं. १७१९ सालीं 'रॉबिन्सन क्रूसो' निघालें तें त्यानें स्वतःच लिहिलेलें चरित्र म्हणून निघालें. एडगर अ‍ॅलन पो यानें १८३३ सालीं बाटलींत सांपडलेल्या हस्तलिखिताची कथा लिहिली. ब्रॅम स्टोकर याचें १८९७ चें 'ड्रॅक्युला' तर सबंध रोजनिशा, पत्रें, तारा आणि फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या टिपणांचें बनलेलें आहे. कागदाच्या जागीं चित्रफीत आली, एवढाच भेद. हीं सारीं ताडून पाहतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, सांपडलेल्या वस्तूची गोष्ट सांगावयाची तर तीन अटी पाळाव्या लागतात. लिहिणाऱ्यानें अगर चित्रण करणाऱ्यानें संकटांतहि तें काम कां चालू ठेविलें, याला कारण पाहिजे. दुसरें, पुढें काय होणार हें त्याला ठाऊक असतां कामा नये. आणि तिसरें, जें झालें तें झालें असलें पाहिजे. वस्तु आपल्या हातीं येते तेव्हां तिचा धनी जगांत नसतो, आणि आपल्या पाहण्यानें त्याचें कांहींएक टळत नाहीं. या शैलींतील खरी भीति तिसऱ्या अटींत आहे.

आतां खेळाकडे वळूं. सिनेमाच्याच नांवावरून 'ब्लेअर विच' असें त्याचें नांव असून पोलंडांतील क्राकूफ शहरच्या ब्लूबर टीम या मंडळीनें तो केला आणि ३० ऑगस्ट २०१९ रोजीं तो प्रसिद्ध झाला. यांतील काळ १९९६ चा. पीटर नांवाचा एक लहान मुलगा त्याच जंगलांत हरवला आहे; त्याच्या शोधास गेलेल्या मंडळींस गांठण्यासाठीं एलिस लिंच नांवाचा गृहस्थ आपल्या कुत्र्यासह मागाहून जंगलांत शिरतो. एलिस पूर्वीं सैन्यांत होता, मग पोलिसांत. युद्धाच्या आठवणी त्याची पाठ सोडीत नाहींत. खेळणारा जो आपण, तो म्हणजे हा एलिस. जवळ एक विजेरी, एक वॉकीटॉकी, जुन्या घाटाचा मोबाईल, आणि थोड्याच वेळांत सांपडणारा एक व्हिडिओ कॅमेरा. कुत्र्याचें नांव बुलेट.

पहिला तास आम्हांस फारच आवडला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दुपारचें ऊन पानांतून उतरतें आहे, पायाखालीं पाचोळा वाजतो आहे, आणि बुलेट पुढें धांवत जाऊन मागें वळून पाहतो आहे. त्याला हुंगावयास कांहीं दिलें कीं तो माग काढितो. जवळ बोलाविलें कीं येतो. थोपटलें कीं अंग घांसतो. अंधारांत कांहीं हालूं लागलें म्हणजे तो ज्या दिशेकडे तोंड करून गुरगुरेल तिकडे विजेरीचा झोत टाकावयाचा. आपल्याला न दिसणारें कुत्र्याला दिसतें, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांतहि आहे. म्हणून तें गुरगुरणें ऐकून आमच्या अंगावर खरोखरच कांटा आला. रात्रीं अकरा वाजतां आंतून आमच्या पत्नीचा आवाज आला, "शेजाऱ्यांचा कुत्रा घरांत घेतलात कीं काय?" दचकून आमच्या हातून भलतीच कळ दाबली गेली आणि एलिस महाशय ओढ्यांत उतरले.

परंतु दुसऱ्या रात्रीपासून उत्साह ओसरूं लागला. पहिली तक्रार कॅमेऱ्याची. जंगलांत ठिकठिकाणीं लाल रंगाच्या टेपा सांपडतात. टेप कॅमेऱ्यांत घालावी, पुढें-मागें करून पाहावी, आणि हव्या त्या क्षणीं थांबवावी. कीं त्या क्षणीं चित्रांत जें असेल तें आपल्यासमोर प्रत्यक्षांत उतरतें. चित्रांतलें दार उघडें असतां टेप थांबविली तर समोरचें बंद दार उघडें! कल्पना चतुर आहे, आणि पहिल्या वेळीं आम्हीं वाहवाहि केली. पण तीन-चार टेपा झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, टेप सांपडली म्हणजे आतां आम्हांस भीति वाटत नाहीं. कुलुपाची किल्ली मिळाल्याचें समाधान वाटतें. टेपेंत एखाद्या मनुष्याचे हाल चालले असले तरी आमचा डोळा त्याच्या पाठीमागच्या दारावर. साक्षीदार होण्यास गेलेले आम्ही किल्लीवाले होऊन बसलों. शिवाय यांत आपण स्वतः चित्रण असें करीतच नाहीं. कॅमेरा आहे तो लोकांच्या टेपा लावण्यासाठीं व अंधारांत पाहण्यासाठीं. मग कोणाचें चित्रण कोणास सांपडलें, हा प्रश्न उरतोच.

दुसरी तक्रार याहून खोल. तिसऱ्या रात्रीं अंधारांतल्या त्या प्राण्यांनीं आम्हांस गांठलें आणि एलिस मेला. पडदा काळा झाला. आमचें हृदय धडधडत होतें. आणि पाहतों तों काय, एलिस पुन्हां थोड्याच मागच्या वाटेवर उभा, बुलेट शेजारीं, सारें जसेंच्या तसें! पुन्हां मेला, पुन्हां उभा. चौथ्या वेळीं आम्हीं मरतां मरतां चहाचा पेला उचलला. मरणाची जेथें अडगळ झाली, तेथें भीति कोठून राहणार? वर सांगितलेली तिसरी अट येथेंच मोडते. जें झालें तें झालें नाहीं. तें केव्हांहि पुसतां येतें.

तिसरी तक्रार शेवटाची. जंगल हळूहळू जंगल राहत नाहीं. तें एलिसच्या मनाचें आंतलें दालन होतें. युद्ध, मोडलेला संसार, अपराधाची जाणीव हें सारें वारंवार आपल्यापुढें मांडलें जातें. शेवटचें पडकें घर तर संपतां संपत नाहीं. त्याच भिंती, तेच जिने, त्याच ओल आलेल्या खोल्या. सिनेमानें त्याच घरांत थोडा वेळ नेऊन जें साधिलें, तें खेळास तासभर फिरवूनहि साधलें नाहीं. बुलेटहि तेथें आमच्यापासून दुरावला होता, आणि त्याच्यावांचून त्या अंधारांत आम्हांस कोणाची काळजी करावयाचें उरलें नव्हतें. खेळ संपला तेव्हां रात्रीचा एक वाजला होता. लॅपटॉप मिटल्यावर आमच्या मनांत आलें कीं, आपण ज्या मुलाच्या शोधासाठीं निघालों होतों त्या पीटरची आठवण आपल्याला गेल्या दोन रात्रींत झाली देखील नाहीं. एखाद्या भयकथेवर याहून कठोर अभिप्राय आम्हांस सुचत नाहीं.

असे सर्वच खेळ फसतात असें मात्र नव्हे. याच विद्यार्थ्यानें पूर्वीं आम्हांस २०१३ सालचा 'आऊटलास्ट' नांवाचा खेळ थोडासा दाखविला होता. तो कॅनडांतील माँट्रियलच्या मंडळीनें केलेला. त्यांत एक पत्रकार कोलोरॅडोच्या डोंगरांतील एका मनोरुग्णालयांत शिरतो. हातीं शस्त्र नाहीं. आहे तो एक कॅमेरा. गडद अंधारांत त्या कॅमेऱ्यांतून पाहिलें तरच हिरवट उजेडांत कांहीं दिसतें, आणि तसें पाहूं लागलें कीं त्याची बॅटरी भराभर संपत जाते. कॅमेरा खालीं कां ठेवीत नाहीं, या प्रश्नास तेथें सरळ उत्तर आहे : खालीं ठेविला तर तो आंधळा होईल. मेलेला मनुष्य तेथेंहि पुन्हां उठतोच. परंतु पहिली अट पाळल्यामुळें पुष्कळ कांहीं निभावून जातें.

आतां मघाशीं राखून ठेविलेली गोष्ट. आमचें मूळ घर रत्नागिरीस. आमचा वडील बंधु, ज्यास आम्ही दादा म्हणत असूं, तो १९९८ च्या पावसाळ्यांत तापाचें निमित्त होऊन वारला. त्याचें वय तेवीस, आमचें एकोणीस. त्याच्या आधीं दोन वर्षांपूर्वींच्या नाताळांत आमच्या मामांनीं मुंबईहून एक व्हिडिओ कॅमेरा आणिला होता. दादानें तो दोन दिवस मागून घेतला आणि घरभर चित्रण करीत सुटला. त्याची कॅसेट मागाहून मामांनीं पाठविली, ती आम्हीं शेजाऱ्यांकडे जाऊन एकदां पाहिली, आणि मग ती आईच्या लोखंडी पेटींत गेली. दादा गेल्यानंतर ती लावून पाहण्याचें कोणीं नांव काढिलें नाहीं.

वसतिगृहांत त्या रात्रीं तो सिनेमा पाहतांना इतर मुलें चेटकिणीला भीत होतीं. आम्ही त्या पेटींतल्या कॅसेटचा विचार करीत होतों. त्या तीन मुलांच्या आयांचा विचार करीत होतों. कोणास न सांगतां आम्हीं त्या तिघांसाठीं आपल्यापरीनें शोक केला. आणि कांहीं महिन्यांनीं मासिकांत पाहतों तों तीं तिघें हसत उभीं! तीं जिवंत होतीं ही आनंदाचीच गोष्ट. पण दादा नव्हता. आमच्या खिन्नतेचें कारण एवढेंच होतें.

खेळ संपला त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दोन दिवसांनीं आम्ही रत्नागिरीस गेलों. पेटी उघडली. कॅसेटच्या कांचेंतून आंत पाहिलें तों फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी चढली होती. कोंकणची हवा कोणासच सोडीत नाहीं. जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या एका स्टुडिओवाल्यानें दोन दिवस खपून ती पुसली व जेवढें निघालें तेवढें पेन ड्राइव्हवर उतरवून दिलें. पाऊण तासाच्या चित्रणांतून अकरा मिनिटें वांचलीं.

त्या अकरा मिनिटांत विशेष असें कांहींच घडत नाहीं. ओटीवर कागदी चांदणी टांगलेली आहे. आई करंज्या तळीत आहे व कॅमेरा पाहून पदरानें तोंड पुसते आहे. वडील वर्तमानपत्राआड तोंड लपवितात. सतरा वर्षांचे आम्ही, ओठावर मिसरूड फुटलेले, वेडींवांकडीं तोंडें करून दाखवीत आहों. दादा कोठेंहि दिसत नाहीं; कारण कॅमेरा त्याच्या हातांत आहे. त्याचा श्वास ऐकूं येतो. "अरे, नीट उभा राहा कीं," असें तो आम्हांस दटावितो. एकदां त्याची सांवली भिंतीवरून सरकते. शेवटीं तो कॅमेरा टेबलावर ठेवितो आणि बंद करावयास विसरतो. पावलें दूर जातात. मग नुसती खोली दिसते. खुर्चीचा एक कोपरा, अर्धी खिडकी. स्वयंपाकघरांतून आई हांक मारते. दादा म्हणतो, "आलों." आणि पडद्यावर मुंग्या येतात.

आम्हीं तें चित्रण कितीदां मागें नेऊन पाहिलें, याचा हिशेब ठेविला नाहीं. कोठेंहि थांबविलें तरी दार उघडत नाहीं. दर वेळीं तो "आलों" म्हणतो.

सुट्टी संपावयाच्या आदल्या दिवशीं आमचा विद्यार्थी परत आला. त्यानें खरें मागितलें होतें, म्हणून आम्हीं खरें सांगितलें. किल्लीची उपमा सांगितली, तीन अटी सांगितल्या, मेल्यावर पुन्हां उठण्यानें खेळाची कशी हानि झाली तें मोठ्या तळमळीनें सांगितलें. त्यानें सर्व ऐकून घेतलें, एका वहींत टिपूनहि घेतलें. मग खालीं पाहत तो म्हणाला, "सर, तुमचें बरोबर असेल. पण मी हा खेळ पहिल्यांदां खेळलों तो बारावीचा निकाल लागल्यावर. फिजिक्स राहिला होता. घरांत महिनाभर कोणी माझ्याशीं धड बोलत नव्हतें. तेव्हां खेळांत मेलों आणि परत उभा राहिलों कीं तो कुत्रा तिथेंच असायचा. मला तेवढेंच पुरेसें होतें."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याचें एक वर्ष वायां गेल्याचें आमच्या कानांवर आलें होतें. त्याचें घर आमच्या घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. त्या वर्षांत आम्ही त्याच्याकडे एकदांहि गेलों नव्हतों. आज जाऊं, उद्यां जाऊं, निकालाचा विषय निघाला तर त्यास वाईट वाटेल, असें म्हणतां म्हणतां वर्ष निघून गेलें. ज्या खेळाचे दोष आम्ही एवढ्या हुशारीनें दाखवीत होतों, त्या खेळांतील एका कुत्र्यानें आमच्या वांट्याचें काम केलें होतें. आम्हीं त्यास तसें सांगून क्षमा मागितली. तो लाजला आणि "तसें नाहीं हो सर," असें पुटपुटला.

खेळाविषयींचें आमचें मत त्यामुळें बदललें नाहीं. तो कथेच्या दृष्टीनें कच्चा आहे, आणि त्या विद्यार्थ्यानें पुढें जे खेळ करावयाचे ते याहून चांगले व्हावे म्हणून त्याला तें कळणें जरूर होतें. परंतु मेल्यावर पुन्हां उभें राहतां येणें हा भयकथेंतला दोष असला, तरी नापास झालेल्या अठरा वर्षांच्या मुलास तोच आधार वाटूं शकतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तें त्यानें शिकविलें. ज्या वस्तूनें आपली निराशा केली, तिनें दुसऱ्याचेंहि कांहीं भलें केलें नसेल, असें धरून चालूं नये.

जाण्यापूर्वीं आम्हीं त्यास तीं अकरा मिनिटें दाखविलीं. तो एक शब्द न बोलतां पाहत होता. शेवटीं पडद्यावर मुंग्या आल्या तेव्हां म्हणाला, "कॅमेरा बंद करायला विसरले, तें बरें झालें सर."

विद्यार्थीमित्रहो, हें सर्व तुम्हांस सांगण्याचें कारण असें. तुमच्या घरीं माळ्यावर अथवा पेटींत जुन्या कॅसेटी असतील, तर वडीलधाऱ्यांस विचारून त्या बाहेर काढा. बुरशी लागण्याच्या आधीं त्या उतरवून घ्या. आंत कोण कोण आहेत, साल कोणतें, तें विचारून लिहून ठेवा. सांगणारीं माणसें आहेत तोंवर हें काम होण्यासारखें आहे. आणि यापुढें घरच्या कार्यांत जो कोणी मोबाईलनें सर्वांचें चित्रण करीत असेल, त्याच्या हातांतून क्षणभर मोबाईल घ्या, आणि त्याचेंहि चित्रण करा.